उंदरांमधला लीशमानियाचा पहिला प्रयोग: परवानगीपासून सायटोकाइनच्या आकड्यांपर्यंत

इम्युनॉलॉजीच्या लॅबमध्ये नवीन रुजू झालं की पहिल्याच आठवड्यात कानावर पडणारं वाक्य साधारण असं असतं: "बाल्ब/सी आणि ब्लॅक सिक्समध्ये लीशमानिया मेजर टाक, लीजन मोज आणि सायटोकाइन बघ." बाल्ब/सी आणि ब्लॅक सिक्स (सी५७बीएल/६) या उंदरांच्या दोन जाती, लीजन म्हणजे संसर्गाच्या जागची सूज किंवा व्रण, आणि सायटोकाइन म्हणजे प्रतिकारपेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रथिनं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात हे काही महिन्यांचं काम आहे. त्यातल्या कितीतरी गोष्टी पेपरमधल्या पद्धतींच्या भागात सापडत नाहीत, सीनियर सांगतील तेव्हाच कळतात. सीनियर पोस्टडॉकसाठी परदेशी गेला असेल तर तेही नाही. मी या सगळ्यातून गेले आहे. एम.एस्सी. करून ज्युनिअर रिसर्च फेलो किंवा प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून नव्यानं आलेल्यांसाठी हे क्रमवार लिहून ठेवते आहे.

१. आधी दोन उंदरांची गोष्ट नीट समजून घ्या

लीशमानिया मेजर हा एकपेशीय परजीवी. वाळूमाशी चावते तेव्हा तो त्वचेत उतरतो. माशीच्या पोटात तो शेपटीवाला, पोहणारा प्रोमॅस्टिगोट असतो. मॅक्रोफेजनं, म्हणजे जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशीनं, गिळला की शेपटी आखडून गोल अमॅस्टिगोट होतो, आणि ज्या पेशीनं त्याला मारायचं तिच्याच पोटात वाढू लागतो. मॅक्रोफेजकडे त्याला मारायची साधनं आहेत, पण ती वापरायचा निरोप बाहेरून यावा लागतो. तो निरोप म्हणजे टी पेशींकडून येणारा इंटरफेरॉन-गॅमा. तो आणि टीएनएफ मिळाले की मॅक्रोफेज आयनॉस हे एन्झाइम बनवतो, आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि परजीवी मरतो. उलट आयएल-४ किंवा आयएल-१३ (आयएल म्हणजे इंटरल्यूकिन, हीही सायटोकाइनच) आला तर तोच मॅक्रोफेज आर्जिनेज बनवतो. मग तेच आर्जिनिन पॉलिअमाइनच्या वाटेनं जातं, आणि पॉलिअमाइन परजीवीला वाढायला उपयोगी पडतात. कच्चा माल एकच. तो कुठल्या वाटेनं जायचा हे बाहेरचा निरोप ठरवतो.

१९८६ मध्ये मॉसमन आणि कॉफमन यांनी उंदरांच्या सीडी४ (मदतनीस) टी पेशींचे टीएच१ आणि टीएच२ असे दोन प्रकार दाखवले. एक इंटरफेरॉन-गॅमा सोडणारा, दुसरा आयएल-४ सोडणारा. हा फरक जिवंत प्राण्याच्या आजारात खरोखर काही ठरवतो का, याचं सगळ्यात ठसठशीत उत्तर लीशमानियानं दिलं. १९८९ मध्ये हाइन्झेल, लॉक्सली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बरे होणाऱ्या सी५७बीएल/६ उंदरांच्या लसिका गाठींत इंटरफेरॉन-गॅमा असतो आणि चिघळत जाणाऱ्या बाल्ब/सी उंदरांत आयएल-४. पुढच्याच वर्षी आयएल-४ विरुद्धची अँटिबॉडी देऊन बाल्ब/सी बरे करता आले. १९९३ मध्ये आयएल-१२ देऊनही ते जमलं, कारण डेंड्रायटिक पेशींकडून (टी पेशींना परजीवीची ओळख करून देणाऱ्या पेशींकडून) येणारा आयएल-१२ सीडी४ पेशींना टीएच१ च्या वाटेला लावतो.

एक गोष्ट आत्ताच मनात पक्की करा. हे दोन्ही उपाय संसर्गाच्या सुरुवातीला दिले तरच चालले. टी पेशींची दिशा पक्की झाल्यावर तोच आयएल-१२ दिला तर फारसा उपयोग झाला नाही. म्हणजे सिग्नल "आहे का" एवढं विचारून भागत नाही. कधी आला, कुठल्या पेशीकडून आला आणि कुठं आला, हेही विचारावं लागतं. या लेखात पुढं जे काही सांगितलं आहे ते याचसाठी.

आणि "टीएच१ चांगला, टीएच२ वाईट" असं पाठ करू नका. आतड्यातल्या व्हिपवर्मच्या, म्हणजे ट्रायक्युरिस म्युरिसच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. तिथं आयएल-१३ मुळं आतड्याचं अस्तर भराभर बदलतं, श्लेष्मा वाढतो आणि जंत बाहेर फेकला जातो. इंटरफेरॉन-गॅमा वरचढ झाला तर जंत मुक्काम ठोकतो. त्यातही सी५७बीएल/६ उंदराला भरपूर अंडी एकदम दिली तर टीएच२ होऊन जंत जातात, मोजकी दिली तर टीएच१ होऊन टिकतात. उंदीर तोच, जंतही तोच, फरक फक्त मात्रेचा.

२. प्रश्न एका वाक्यात लिहा

"सायटोकाइन बघायचे" हा प्रश्न नव्हे. "संसर्गानंतर तिसऱ्या आठवड्यात कानाच्या त्वचेत इंटरफेरॉन-गॅमा बनवणाऱ्या सीडी४ पेशींचं प्रमाण दोन जातींत वेगळं आहे का, आणि त्याच कानातल्या परजीवींच्या संख्येशी त्याचा मेळ बसतो का?" हा प्रश्न झाला. असं वाक्य हाताशी असलं की किती उंदीर लागतील, कुठल्या दिवशी लागतील आणि कुठल्या अँटिबॉडी मागवायच्या, हे आपोआप ठरत जातं. एथिक्स कमिटीसुद्धा हेच विचारते.

काला-आजाराचा अभ्यास करायचा असेल तर मात्र थांबा. बिहारमधला काला-आजार लीशमानिया डोनोवानीमुळं होतो. तो उंदराच्या यकृतात आणि प्लीहेत जातो. यकृत काही आठवड्यांत ग्रॅन्युलोमा (प्रतिकारपेशींचे घट्ट पुंजके) बनवून स्वतःला साफ करतं, प्लीहेत मात्र परजीवी राहून जातो. बाल्ब/सी आणि ब्लॅक सिक्स ही जोडी तिथं "रोगी विरुद्ध निरोगी" अशी चालत नाही. मॅक्रोफेजला परजीवी रोखायला मदत करणाऱ्या एसएलसी११ए१ या जनुकाची कमकुवत प्रत दोघांतही आहे. आणि बिकानेरकडचा त्वचेचा लीशमानिया मुख्यतः लीशमानिया ट्रॉपिकाचा आहे, मेजरचा नव्हे. मेजरचं मॉडेल वापरून निघालेला निष्कर्ष भारतातल्या रुग्णांना सरळ लावू नका.

३. कागदपत्रं आणि परवानग्या

हे काम पहिल्या दिवशी सुरू करा. कमिटीच्या बैठका रोज होत नाहीत. तारीख हुकली की पुढच्या बैठकीपर्यंत हात चोळत बसावं लागतं.

हाताशी ठेवायच्या गोष्टी:

- संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे करायचा अर्ज, म्हणजे फॉर्म बी. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० आणि त्याखालचे १९९८ चे नियम यांच्या आधारावर हे सगळं चालतं. केंद्राच्या समितीला आधी सीपीसीएसईए म्हणायचे, आता सीसीएसईए म्हणतात. जुन्या फाइलमधून नमुना उचललात तर नाव बदलायला विसरू नका.
- संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी. परजीवीमध्ये जनुकीय बदल केलेला असेल, अगदी चमकणारं प्रथिन घातलेलं असेल, तरी ते स्पष्ट लिहा.
- उंदीर हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र तुमच्या स्वतःच्या नावाचं. गाईडच्या नावाचं चालत नाही.
- नोंदणीकृत ब्रीडरचं कोटेशन आणि उंदरांच्या आरोग्य तपासणीचा अहवाल.
- परजीवी कुठून आणला त्याचं पत्र, त्यात स्ट्रेनचं (परजीवीच्या वाणाचं) पूर्ण नाव.

फॉर्म बी अडतो तो बहुधा दोन जागी. पहिली, उंदरांची संख्या. "प्रत्येक गटात सहा" एवढं लिहून चालत नाही. किती फरक दिसण्याची अपेक्षा आहे आणि त्यासाठी सहाच का, याचा हिशेब द्या. दुसरी, प्रयोग कुठं थांबवायचा. बाल्ब/सीचं लीजन चिघळतं, हे आपल्याला आधीपासून माहीत असतं. मग व्रण किती मोठा झाला, वजन किती उतरलं किंवा पाय टेकवणं बंद झालं की उंदराला वेदनेविना संपवायचं, ते आकड्यांत लिहा आणि पाळा. ही ओळ केवळ कमिटीच्या समाधानासाठी लिहू नका. बाल्ब/सीला सडत ठेवून मिळणारं उत्तर काही आठवडे आधीच मिळालेलं असतं.

४. उंदीर ठरवताना

ब्लॅक सिक्स म्हणजे एकच उंदीर नव्हे. सी५७बीएल/६जे आणि सी५७बीएल/६एन या उपजाती वेगळ्या आहेत. ६जे मध्ये एनएनटी हे जनुक बिघडलेलं आहे. नॉकआउट (एखादं जनुक काढून टाकलेला उंदीर) ६जे वर आणि कंट्रोल (तुलनेचा उंदीर) ६एन वर असा मेळ घातला तर दिसलेला फरक कशाचा, हे सांगता येणार नाही. नॉकआउट वापरणार असाल तर शक्यतो एकाच पिलावळीतले भाऊबंद कंट्रोल म्हणून घ्या.

वय आणि लिंग सारखं ठेवा. नर उंदीर पिंजऱ्यात भांडतात, एकमेकांना चावतात, आणि चावलेल्या त्वचेत स्वतःचीच सूज असते. त्वचेच्या कामात हे महागात पडतं. माद्या सोप्या पडतात.

ॲनिमल हाऊसला एक प्रश्न न लाजता विचारा: पिनवर्म आहेत का? जंत असलेल्या उंदराची प्रतिकारयंत्रणा आधीच टीएच२ कडे झुकलेली असू शकते. २०१६ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की आतड्यातल्या टफ्ट पेशी परजीवींची चाहूल लागताच आयएल-२५ सोडतात आणि त्यातून टाइप-२ प्रतिसाद उभा राहतो. त्यांपैकी एका गटाला हे सूत्र सापडलं ते उंदरांच्या कॉलनीत आधीपासून वसलेल्या ट्रायट्रायकोमोनास या एकपेशीय जीवामुळं. तुम्ही काहीही न टोचता तुमच्या उंदरात कुणीतरी राहत असू शकतं.

आणखी एक साधी गोष्ट. ओळखीसाठी कानाला भोक पाडायची पद्धत सगळीकडे आहे. कानातच संसर्ग द्यायचा असेल तर ॲनिमल हाऊसला आधीच कळवून शेपटीवर खूण करायला सांगा.

५. परजीवी: प्रयोग इथं घडतो किंवा बिघडतो

लागणारं सामान: एम१९९ किंवा श्नायडर माध्यम, ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं फीटल बोव्हाइन सीरम, उलटा मायक्रोस्कोप, न्यूबॉअर चेंबर (पेशी मोजायची चौकटींची काच), बायोसेफ्टी हूड, आणि २६ अंश सेल्सिअसचा इन्क्युबेटर. हा इन्क्युबेटर थंड करणारा, म्हणजे बीओडीच हवा. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात खोलीच ४० च्या वर जाते. नुसता तापवणारा इन्क्युबेटर तिथं काय करणार? तो जनरेटरच्या लाइनवर आहे ना, तेही बघा.

प्रोमॅस्टिगोट कल्चरमध्ये सुखानं वाढतात आणि हीच अडचण आहे. आठवड्यामागून आठवडा नुसते पुढच्या फ्लास्कमध्ये टाकत राहिलात तर त्यांची उंदराला आजारी पाडायची ताकद कमी होत जाते. कल्चर दिसायला मात्र झकास असतं. म्हणून बाल्ब/सीच्या लीजनमधून परजीवी काढा, पहिल्या एक-दोन पॅसेजलाच (एका फ्लास्कमधून दुसऱ्यात नेण्याच्या फेरीलाच) भरपूर व्हायल द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, आणि प्रत्येक प्रयोगाला नवी व्हायल उघडा. पॅसेज क्रमांक फ्लास्कवरही लिहा आणि वहीतही.

संसर्गक्षम अवस्था म्हणजे मेटासायक्लिक. वाढ थांबल्यावर, साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी, ते जास्त असतात. त्यांना डोळ्यांनी ओळखायला शिका. वाढत्या अवस्थेतले प्रोमॅस्टिगोट जाडसर, आळसट, शेपट्या गुंतवून झुपक्यांत वळवळणारे दिसतात. मेटासायक्लिक सडपातळ, अंगापेक्षा शेपटी बरीच लांब, आणि नजर ठरायच्या आत चौकटीबाहेर निघून जाणारे. एकदा फरक दिसला की पुन्हा विसरत नाही.

वेगळे काढायला पीनट ॲग्लुटिनिन हे लेक्टिन, म्हणजे साखरेला चिकटणारं प्रथिन, वापरतात. मेजरच्या अंगावरच्या लायपोफॉस्फोग्लायकॅन या साखरयुक्त आवरणाची गॅलॅक्टोजची टोकं मेटासायक्लिक होताना अरॅबिनोजनं झाकली जातात, त्यामुळं लेक्टिन त्यांना धरत नाही. बाकीचे गोळा होऊन खाली बसतात, मेटासायक्लिक वर राहतात. फायकॉल या जड द्रावणाच्या थरावरूनही वेगळे करता येतात. मोजण्यासाठी थोडे परजीवी फिक्स करून (मारून, आकार टिकवून) घ्या. पळणाऱ्यांची मोजदाद विश्वासाची नसते.

स्ट्रेन तपासा. सीडमन नावाची मेजरचीच स्ट्रेन ब्लॅक सिक्समध्येही बरी होत नाही, आणि तीही टीएच१ प्रतिसाद जोरात असताना. "ब्लॅक सिक्स बरा होतो" हे वाक्य स्ट्रेनच्या नावाशिवाय अपुरं आहे.

उंदरात जायच्या आधी पेशींवर एक फेरी करा. अस्थिमज्जेपासून वाढवलेले मॅक्रोफेज उत्तम. सेल लाइन हवी असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवता येते. इंटरफेरॉन-गॅमा दिलेल्या पेशींत परजीवी कमी होतात का, ग्रीस रिएजंटनं नायट्राइट (नायट्रिक ऑक्साइड बनल्याची खूण) वाढलेलं दिसतं का, हे बघा. इथं काहीच दिसलं नाही तर उंदीर वाया घालवू नका.

६. टोचताना

जुनी पद्धत तळपायात १० ते २० लाख स्टेशनरी (वाढ थांबलेले) प्रोमॅस्टिगोट टोचायची. मोजायला सोपी, पण उंदराला चालायला त्रास देणारी, आणि माशीच्या चाव्यापासून फार दूरची. मी कानाच्या बाजूची आहे. कानाच्या त्वचेत १० मायक्रोलिटरमध्ये हजार ते लाखभर मेटासायक्लिक देता येतात. जागा माशीच्या चाव्यासारखी आहे, आणि नंतर पेशी काढायलाही बरं पडतं.

उंदराला भूल द्या. कान टेपवर किंवा बोटावर सपाट पसरा. इन्सुलिन सिरिंजची बारीक सुई, टोकाची उघडी बाजू वर, जवळजवळ कानाला समांतर. बरोबर जमलं तर लगेच एक छोटा, पांढुरका, घट्ट फुगा उठतो आणि काही मिनिटं राहतो. फुगा आला नाही तर द्रव कानाच्या पलीकडून बाहेर आला किंवा त्वचेखाली पसरला. त्या उंदराची नोंद तिथल्या तिथं करा, नंतर आकडा खटकला म्हणून करू नका. आधी नुसत्या मिठाच्या द्रावणानं, दुसऱ्या मंजूर प्रयोगातून आलेल्या मृत उंदरांच्या कानांवर हात बसवा.

सिरिंजमधले परजीवी खाली बसतात. प्रत्येक उंदराआधी हलवून घ्या. शिवाय एका जातीचे सगळे आधी आणि दुसरीचे नंतर असं न करता आलटून पालटून टोचा.

सुईला टोपण परत लावू नका. मेजर माणसाला होतो. चुकून सुई टोचली तर साबण-पाण्यानं धुवा, त्याच दिवशी लेखी कळवा, डॉक्टरांना दाखवा आणि पुढचे काही महिने त्या जागेवर लक्ष ठेवा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

७. दर आठवड्याला मोजा, न चुकता

कॅलिपरनं कानाची जाडी आणि व्रणाचा व्यास. मोजणारा एकच माणूस असावा आणि त्याला गट माहीत नसावेत. दुसरा, न टोचलेला कान प्रत्येक वेळी मोजा. कॅलिपर किती दाबायचा हे हातात बसायला वेळ लागतो, म्हणून संसर्ग देण्याआधी निरोगी कानांवर दोन-तीन दिवस सराव करा आणि आकडे जुळतात का पाहा.

८. सूज म्हणजे परजीवी नव्हे

नवे लोक सगळ्यात जास्त इथं फसतात. ब्लॅक सिक्सच्या कानात अगदी कमी, शंभरेक मेटासायक्लिक दिले तर पहिले चार-पाच आठवडे बाहेरून काहीच दिसत नाही. आत मात्र परजीवी भराभर वाढत असतात. लीजन उठतं ते प्रतिकारपेशी तिथं जमल्यावर, आणि त्याच सुमारास परजीवींची संख्या उतरू लागते. म्हणजे कान सुजला तेव्हा उंदीर जिंकायला लागलेला असू शकतो. फक्त कॅलिपरवर विसंबून "जास्त सूज, कमी प्रतिकार" असं लिहिलंत तर गोष्ट उलटी सांगाल.

म्हणून परजीवी वेगळे मोजा. कान कापून अल्कोहोलमध्ये बुडवा, वाळू द्या. दोन चिमटे घेऊन कडेपासून पुढचा आणि मागचा पापुद्रा सोलून वेगळे करा. मधलं कूर्चेचं पातळ पान एका बाजूला चिकटून येतं. पापुद्रे लिबरेज किंवा कोलॅजिनेज या एन्झाइममध्ये पचवा, गाळा. या द्रवाचा एक भाग लिमिटिंग डायल्यूशनसाठी: ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये टप्प्याटप्प्यानं पातळ करत न्या, २६ अंशांवर सात ते दहा दिवस ठेवा, आणि शेवटच्या कुठल्या खान्यात वळवळ दिसते ते टिपा. हूडमध्ये निष्काळजीपणा झाला तर सगळी प्लेट बुरशीनं जाते, म्हणून दोन प्लेट लावा. क्यूपीसीआर (परजीवीचा डीएनए मोजायची पद्धत) जलद आहे, पण जिवंत आणि नुकताच मेलेला परजीवी यांतला भेद त्यात कळत नाही. मी दोन्ही करते.

९. सिग्नल मोजणे

एकाच कानातून परजीवी आणि पेशी दोन्ही काढा. शेजारची निचऱ्याची लसिका गाठही घ्या: कानासाठी जबड्यामागची, तळपायासाठी गुडघ्यामागची. प्लीहा सोपी असते म्हणून फक्त तिच्यावर भागवू नका. लढाई त्वचेत चालू असताना प्लीहा वेगळंच काही सांगू शकते.

*एलायझा.* ही द्रवातलं सायटोकाइन मोजायची चाचणी. लसिका गाठीच्या पेशींना गोठवून-वितळवून बनवलेलं परजीवीचं अँटिजेन द्या आणि ४८ ते ७२ तासांनी वरचा द्रव घ्या. सोबत तीन खाने हवेतच: नुसतं माध्यम, सीडी३ अँटिबॉडीसारखा सर्वांना जागं करणारा कंट्रोल, आणि न टोचलेल्या उंदराच्या पेशी. अँटिजेनमध्ये एंडोटॉक्सिन नाही ना, ते तपासून घ्या. नाहीतर बॅक्टेरियाला मिळालेला प्रतिसाद तुम्ही लीशमानियाच्या नावावर मांडाल.

इथले तीन सापळे लक्षात ठेवा. आयएल-४ पेशी स्वतःच वापरून टाकतात, त्यामुळं द्रवात तो कमी दिसतो. "आयएल-४ आला नाही" असं ठरवण्याआधी आयएल-१३, आयएल-५ बघा किंवा एलिस्पॉट (सायटोकाइन सोडणाऱ्या पेशी मोजायची चाचणी) करा. दुसरा, आयएल-१२ चा पी४० हा भाग आयएल-२३ मध्येही असतो. आयएल-१२ म्हणायचं असेल तर पी७० चा किट मागवा. तिसरा अँटिबॉडीचा: टीएच१ ची खूण म्हणून आयजीजी२ए मोजतात, पण ब्लॅक सिक्समध्ये ते जनुकच नाही, त्याच्या जागी आयजीजी२सी आहे. बाल्ब/सीचा किट ब्लॅक सिक्सवर चालवून निघालेला कमी आकडा बिनअर्थाचा.

*फ्लो सायटोमेट्री.* ही रंगीत अँटिबॉडी लावून एकेक पेशी ओळखायची आणि मोजायची पद्धत. सायटोकाइन कुठल्या पेशीतून आलं हे एलायझा सांगत नाही, फ्लो सांगतं. इंटरफेरॉन-गॅमा सीडी४ पेशीतून येतो आहे, सीडी८ मधून की एनके पेशीतून, यानं अर्थ बदलतो. कमी मात्रेच्या संसर्गात सीडी८ पेशी गरजेच्या ठरतात, जास्त मात्रेत त्यांच्यावाचून भागतं. पेशींना अँटिजेन किंवा पीएमए-आयोनोमायसिन (पेशींना जागं करणारी रसायनं) द्या, ब्रेफेल्डिन ए घालून सायटोकाइन आतच अडकवा, मेलेल्या पेशींचा रंग फिक्स करण्याआधी लावा, एफसी ब्लॉक (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू न देणारा) विसरू नका. पीएमएमुळं पेशीवरचा सीडी४ कमी होतो, आणि त्वचा पचवणारी काही एन्झाइम पृष्ठभागावरच्या खुणा कातरतात. म्हणून तेच एन्झाइम लसिका गाठीच्या पेशींनाही लावून खुणा शाबूत राहतात का ते आधी पाहा. प्रत्येक रंगाचा एकेकटा कंट्रोल आणि एक रंग वगळलेला कंट्रोल ठेवा. फ्लोचा स्लॉट उंदरांच्या तारखेआधी बुक करा.

*आयएल-१० सोडू नका.* बऱ्या झालेल्या ब्लॅक सिक्समध्येही थोडे परजीवी आयुष्यभर उरतात. २००१ आणि २००२ मध्ये बेल्काइद, सॅक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यांना राखण्यामागे आयएल-१० आणि नियामक टी पेशी आहेत. आयएल-१० नसलेल्या उंदरांत परजीवी पूर्ण नाहीसे होतात, पण असं निःशेष झाल्यावर पुन्हा संसर्ग दिला की आधीची पक्की प्रतिकारशक्ती टिकत नाही. फक्त इंटरफेरॉन-गॅमा आणि आयएल-४ मोजणाऱ्या प्रयोगाला हे चित्र दिसतच नाही.

१०. निकाल एकत्र वाचताना

प्रत्येक उंदरासाठी एकाच ओळीत मांडा: जाडी, परजीवींची संख्या, इंटरफेरॉन-गॅमा, आयएल-४ किंवा आयएल-१३, आयएल-१०, आणि मॅक्रोफेजमधले आयनॉस व आर्जिनेज. गटाची सरासरी नंतर काढा. एकेक उंदीर पाहिल्याशिवाय काही गोष्टी निसटतात.

इंटरफेरॉन-गॅमा भरपूर आणि परजीवीही भरपूर दिसले तर गोंधळू नका. निरोप पाठवला जातोय, पण ऐकला जात नाही, किंवा आयएल-१० तो दाबून टाकतोय. इथं मॅक्रोफेजकडे वळा. स्टॅट१ (इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप पेशीत पुढं नेणारं प्रथिन) फॉस्फोरिलेट, म्हणजे जागं, होतंय का? आयनॉस येतंय का? इंटरफेरॉन-गॅमा कमी आणि परजीवीही कमी, असं उशिराच्या दिवशी दिसलं तर कदाचित लढाई संपली आहे आणि तुम्ही उशिरा पोचलात. म्हणूनच एकाच दिवसाच्या नमुन्यावर प्रतिकाराची गोष्ट उभी राहत नाही. निदान तीन टप्पे घ्या: पहिल्या काही दिवसांतला, लीजन वाढतानाचा आणि ब्लॅक सिक्स बरे होऊ लागल्यावरचा.

"या सायटोकाइनमुळं प्रतिकार झाला" असं लिहायचं असेल तर ते सायटोकाइन अडवून किंवा देऊन दाखवा. सोबत वाढणं वेगळं आणि कारण असणं वेगळं. अडवणारी अँटिबॉडी देताना तिच्याच प्रकारची, पण कशालाच न चिकटणारी अँटिबॉडी दुसऱ्या गटाला द्या. कधी द्यायची हे पहिल्या मुद्द्यातल्या १९९० आणि १९९३ च्या कामावरून ठरवा.

बाल्ब/सी बरे झाले तर आधी परजीवीवर संशय घ्या, पॅसेज क्रमांक बघा. मग मात्रा तपासा: १९९२ मध्ये ब्रेचर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं आहे की अगदी थोडे परजीवी दिले तर बाल्ब/सी सुद्धा टीएच१ कडे वळतो आणि नंतरच्या मोठ्या संसर्गाला तोंड देतो. न्यूबॉअर चेंबरवर दहाच्या पटीत चूक झाली तर नेमका असा निकाल हातात येऊ शकतो. मोजणीचं पान उघडा आणि डायल्यूशन पुन्हा करून बघा.

प्रयोग संपला की त्याच दिवशी सीरमचे छोटे भाग उणे ८० ला ठेवा, प्रत्येक गटातल्या एका कानाचा तुकडा फॉर्मलिनमध्ये आणि एक आरएनएसाठी राखून ठेवा, आणि बाल्ब/सीच्या कानातून निघालेले परजीवी वाढवून नव्या व्हायल गोठवा. व्हायलवर स्ट्रेन, पॅसेज, तारीख आणि तुमचं नाव अल्कोहोलनं न पुसणाऱ्या पेनानं लिहा.